सार्वजनिक ग्रंथालयाचं संगणकीकरण: सॉफ्टवेअरच्या आधी नोंदी

प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक ग्रंथालय, पुस्तकं बारा हजार, एक ग्रंथपाल आणि एक लेखनिक. कार्यकारी मंडळाने संगणकीकरण ठरवलं आहे. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, आणि ते आल्यावर ग्रंथपालाला काम काय उरेल?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. देवघेवीचा वेळ वाचतो, पण नोंदींचं काम कित्येक पटींनी वाढतं. एका पुस्तकाला पाच मिनिटं धरली तरी बारा हजारांना एक हजार तास लागतात. रोज चार तास बसलात तर २५० कामाचे दिवस. हे काम नगाच्या दराने बाहेर देण्याचा मोह होतो. तसं दिलं तर टंकणारा माणूस दाखल नोंदवहीतली (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन लिहिलेल्या वहीतली) तुटक नावं जशीच्या तशी उतरवतो, ‘इतिहास भा. २’ अशा. नोंद पुस्तक हातात घेऊन, आतल्या शीर्षकपानावरूनच झाली पाहिजे. कपाटापाशी वाचकाला तुमची स्मरणशक्ती मदत करते. पडद्यावर मात्र टंकलेलं तेवढंच सापडतं.

सॉफ्टवेअरबद्दल फार चर्चा नको. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे, २००० सालापासून वापरात आहे आणि फुकट आहे. फक्त ते ज्यावर चालतं ती लिनक्स प्रणाली सांभाळणारा माणूस हाताशी हवा. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय तुमच्या संस्थेला मिळत असेल तर सर्व्हरची कटकट वाचते. स्थानिक विक्रेत्याचं काही घेणार असाल तर पैसे देण्याआधी एकच परीक्षा घ्या: पन्नास मराठी नोंदी भरायला लावा आणि त्या मार्क स्वरूपात (ग्रंथालयीन नोंदींचा जागतिक साचा, ज्यात प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो), युनिकोडमध्ये बाहेर काढून मागा. नाही निघाल्या तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका. जुन्या फाँटात अडकलेला विदा (डेटा) काही वर्षांनी पुन्हा टंकावा लागतो.

सुरुवात कपाटातली पुस्तकं नोंदवहीशी पडताळण्यापासून करा. गहाळ आणि बाद करायची पुस्तकं आधी मंजुरीने वेगळी काढा. त्यांच्यावर पाच-पाच मिनिटं घालवायची नाहीत. बारकोडला नवा क्रमांक देऊ नका. दाखल क्रमांकच सहा अंकी करून वापरा (४५२ चा ०००४५२), म्हणजे नोंदवही आणि पडदा कायम जुळतील. नोंदवही लिहिणं चालूच ठेवा.

आता खरी अडचण, मराठी. दिसायला सारखं अक्षर संगणकाला सारखं नसतं. ‘ॲ’ एक अक्षर म्हणूनही टंकता येतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही, ‘दऱ्या’मधला ऱ्यसुद्धा दोन प्रकारे निघतो. दोघांनी दोन कळफलक वापरले की निम्मी पुस्तकं शोधात येत नाहीत आणि कारण डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून सगळ्यांनी एकच कळफलक वापरावा, शक्यतो इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक. ‘वि. वा.’ लिहिताना टिंबानंतर जागा सोडायची की नाही, तेही पहिल्याच दिवशी ठरवून भिंतीवर लावा.

१९६२ च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांवर ‘कांही’, ‘नाहीं’ असे अनुस्वार असतात. शीर्षक मार्कच्या २४५ क्रमांकाच्या रकान्यात छापलंय तसंच घ्या, आजचं रूप २४६ मध्ये द्या. लेखकांचंही तेच. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकाच व्यक्तीची नावं आहेत, पण पुस्तकांवर वेगवेगळी येतात. दोन्हींची अधिकृत नोंद (नावाचं ठरलेलं रूप सांगणारी वेगळी नोंद) करा, तिच्यातल्या ५०० या रकान्याने एकमेकांना जोडा आणि ‘शिरवाडकर, विष्णु वामन’सारखी रूपं ४०० मध्ये टाका. हे जोडकाम कोणतंही यंत्र तुमच्यासाठी करत नाही. इंग्रजी पुस्तकांच्या तयार नोंदी झेड३९.५० या ग्रंथालयांमधल्या देवाणघेवाणीच्या पद्धतीने परदेशी ग्रंथालयांतून ओढता येतात. मराठीच्या मिळाल्या तरी बऱ्याचदा रोमन लिपीत असतात.

ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात मराठी कथा-कादंबऱ्या सगळ्या ८९१.४६३ वर येऊन पडतात, म्हणजे तुमची निम्मी कपाटं. वाचक ‘ऐतिहासिक द्या’, ‘रहस्यकथा द्या’ असंच म्हणतात, तेव्हा मार्कच्या ६५५ रकान्यात तो प्रकार नक्की लिहा. कोहातली झेब्रा ही शोधयंत्रणा आयसीयू या युनिकोड ओळखणाऱ्या पद्धतीवर लावून घ्या आणि अनुक्रमणिका पूर्ण नव्याने बांधा. मूळची मांडणी रोमन अक्षरांसाठी आहे, देवनागरी शब्द तिच्यात नीट धरले जात नाहीत.

बारकोडच्या चिकटपट्ट्या थेट उष्णतेने छापलेल्या नकोत, दोन-चार उन्हाळ्यांत त्या फिक्या पडतात. रिबनवर चालणारं छपाईयंत्र किंवा साधा लेझर प्रिंटर चालेल. पट्ट्या क्रमाने छापून कपाटभर चिकटवत गेलात आणि मध्ये एक पुस्तक गहाळ निघालं, तर पुढचं सगळं एकाने सरकतं. एकाने दाखल क्रमांक मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने चिकटवावं आणि लगेच स्कॅन करून पडद्यावरचं नाव पाहावं. आरएफआयडी (पुस्तकात चिप लावून रेडिओलहरींनी ओळखण्याची पद्धत) सध्या बाजूला ठेवा. या आकाराच्या ग्रंथालयाला त्यातून फारसं काही मिळत नाही.

सभासदाचा आधार क्रमांक टंकू नका, त्याची गरज नाही. कोण काय वाचतो हा इतिहास पूर्वी कार्डावर विखुरलेला असे, आता एका कळीसरशी निघतो. परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदींतून नाव काढून टाकायची सोय कोहात आहे, ती ठराविक मुदतीने चालवा.

सर्व्हरला यूपीएस हवाच, अचानक वीज गेली की विदा बिघडू शकतो. रोजची प्रत त्याच डिस्कवर पडून राहिली तर डिस्कबरोबर तीही जाते. आठवड्यातून एकदा ती बाह्य डिस्कवर घ्या, डिस्क दुसऱ्या इमारतीत ठेवा आणि तिच्यावरून सगळं परत उभं राहतं का, हे एकदा दुसऱ्या संगणकावर करून पाहा. वीज नसेल त्या दिवसासाठी चार रकान्यांचा कागद टेबलावर असू द्या: तारीख, सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, दिलं की घेतलं. वीज आली की त्याच संध्याकाळी तो भरून टाका.