अपग्रेडनंतर नेटवर्कवरील फोल्डर आपोआप जोडले जात नाही

प्रश्न : आमच्या शाळेच्या संगणक कक्षात सर्व्हरवरील एक फोल्डर ऑटोएफएसच्या साहाय्याने प्रत्येक संगणकावर '/शाळा/अभ्यास' येथे आपोआप जोडले जात असे. उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर आल्यापासून तेथे 'सीडी' (डिरेक्टरीत जाण्याची कमांड) केले की 'अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही' असा संदेश येतो. तेच फोल्डर 'माउंट' कमांडने हाताने जोडले तर व्यवस्थित दिसते आणि ऑटोएफएस सेवाही चालू असल्याचे दिसते. कोणते फोल्डर कोठून जोडायचे ते सांगणाऱ्या मॅप फाइलमधील ओळ अशी आहे : 'अभ्यास -आरडब्ल्यू,सॉफ्ट,यूडीपी १९२.१६८.१.१०:/एक्स्पोर्ट/अभ्यास'. चूक कोठे असावी?
– एक शिक्षक, सांगली

उत्तर : फोल्डर हाताने जोडले जाते, त्या अर्थी सर्व्हर, नेटवर्क आणि परवानग्या यांत दोष नाही. आता पाहायचे ते एवढेच, की आपण दिलेली कमांड आणि ऑटोएफएस स्वतः देत असलेली कमांड यांत फरक कोणता. तो फरक आपण पाठवलेल्या ओळीतच आहे : 'यूडीपी' हा नेटवर्कवरून माहिती पाठवण्याची पद्धत ठरवणारा पर्याय.

उबुंटूने २०.१० या आवृत्तीपासून कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) एनएफएससाठी, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर जोडण्याच्या या पद्धतीसाठी, यूडीपीचा वापर बंद केला आहे, मग एनएफएसची आवृत्ती कोणतीही असो. आपण २०.०४ वरून थेट २२.०४ वर आल्यामुळे हा बदल आपल्याला आता जाणवला. हाताने जोडताना पर्याय न दिल्यास टीसीपी ही माहिती पाठवण्याची दुसरी पद्धत आपोआप वापरली जाते, म्हणून ते काम अडले नाही. 'यूडीपी' हा शब्द आणि त्याआधीचा स्वल्पविराम काढून टाकावा. त्या जागी दुसरे काही लिहिण्याची गरज नाही. हात लावलाच आहे तर 'सॉफ्ट'ही काढावे, असे मी सुचवीन, कारण विद्यार्थी ज्या फोल्डरमध्ये फाइली लिहितात तेथे सर्व्हर क्षणभर अडखळला तरी 'सॉफ्ट'मुळे लिखाण अर्धवट राहू शकते.

खात्री करून घ्यायची असल्यास सेवा थांबवून रूट (मुख्य प्रशासक) म्हणून 'ऑटोमाउंट -एफ -व्ही' चालवावे आणि दुसऱ्या टर्मिनलमधून त्या डिरेक्टरीत जावे. पहिल्या टर्मिनलमध्ये माउंटचा पर्याय चुकीचा असल्याची एनएफएसची मूळ तक्रार दिसेल. 'सीडी'ला मात्र फोल्डर जोडता आले नाही एवढेच कळते, म्हणून ते बिचारे 'अशी डिरेक्टरी नाही' असे सांगून मोकळे होते. या संदेशावर विसंबून सर्व्हरवर फोल्डर शोधत बसण्यात अनेकांचा दिवस जातो.

दुरुस्तीनंतर लगेच करून पाहिल्यास तीच अडचण पुन्हा दिसण्याचा संभव आहे. एकदा फसलेला प्रयत्न ऑटोएफएस साधारणपणे ६० सेकंद लक्षात ठेवते आणि तेवढ्या वेळात नव्याने प्रयत्नच करत नाही. म्हणून 'सिस्टमसीटीएल रीस्टार्ट ऑटोएफएस' ही कमांड देऊनच पडताळणी करावी. तसेच '/शाळा' मध्ये 'एलएस' (यादी दाखवणारी कमांड) केल्यावर काहीच दिसले नाही तर घाबरू नये. 'ब्राउझ मोड' (फोल्डरांची नावे आधीच दाखवण्याची सोय) बंद असताना, नाव घेऊन आत गेल्याशिवाय फोल्डर जोडले जात नाही.

यानंतरही एखादा संगणक अडून बसला, तर अपग्रेडच्या वेळी 'जुनी फाइल ठेवायची की नवी घ्यायची' या विचारलेल्या प्रश्नाला कोणते उत्तर दिले गेले ते तपासावे. तेथे पॅकेजची नवी फाइल स्वीकारली असल्यास आपली जुनी 'ऑटो.मास्टर' फाइल (कोणती मॅप फाइल कोठे लागू करायची ते सांगणारी) '/ईटीसी' मध्येच '.डीपीकेजी-ओल्ड' या शेपटासह राहिलेली असते. तिच्यातील आपली ओळ 'ऑटो.मास्टर.डी' या डिरेक्टरीत '.ऑटोएफएस' ने संपणाऱ्या स्वतंत्र फाइलमध्ये ठेवली, तर पुढच्या अपग्रेडला हा प्रश्नच उद्भवत नाही. मॅप फाइल पेन ड्राइव्हवरून परत आणली असल्यास तिला चालवण्याची परवानगी चिकटलेली नाही ना, हेही पाहावे. तशी परवानगी असली की ऑटोएफएस ती फाइल मॅप म्हणून वाचत नाही, प्रोग्राम समजून चालवू पाहते.