पाइपात थोडी जागा राहू द्या

प्रश्न : आमची इमारत 1986 सालची. दोन्ही बेडरूममध्ये एसी बसवायचे आहेत. एक वायरमन म्हणतो, भिंतीतल्या जुन्याच पाइपातून नवी वायर ओढतो, दिवसात काम उरकेल. दुसरा म्हणतो, बाहेरून केसिंग पट्टी, म्हणजे भिंतीवर वायर झाकणारी प्लास्टिकची पट्टी, मारा. सासूबाईंना पट्टी नको, भिंत विद्रूप दिसते म्हणतात. कोणाचं ऐकू?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर : ताई, पट्टीवाल्याचं ऐका. सासूबाईंना पुढची हकीगत वाचून दाखवा.

बऱ्याच वर्षांपूर्वी नारायण पेठेत एका घरी गेलो होतो. आजोबांची तक्रार एकच, गीझर लावला की पॅसेजमध्ये जळका वास येतो. आधीच्या माणसाने दोनदा स्विच बदलला होता. मी बोर्ड उघडला, तो स्वच्छ. मग भिंतीवर तळहात फिरवत गेलो. बोर्डाच्या वर वीतभर अंतरावर गिलावा कोमट लागला. छिन्नीने तेवढाच फोडला. पाऊण इंची पाइपात सात वायरी कोंबलेल्या आणि मधोमध एक जोड, नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला. टेपचा चिकट गोळा झाला होता. शेजारच्या वायरीचं आवरण जरा वाकवलं, तर तळलेल्या कुरडईसारखं कडकन तुटून तळहातावर पडलं. आत उघडं तांबं. त्या भिंतीला टेकून आजी रोज भाजी निवडायच्या. ते आठवलं की आजही जीव कासावीस होतो.

वायरीतून करंट गेला की ती तापते. ती उष्णता बाहेर पडायला हवी. घरगुती वायरीचं साधं पीव्हीसी आवरण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असतं. एका पाइपात गर्दी केली, की प्रत्येक वायर शेजारणीला तापवते आणि वर्षानुवर्षं भाजून आवरण ठिसूळ होतं. म्हणून पाइपाच्या पोकळीचा 40 टक्क्यांच्या वर भाग वायरींनी भरायचा नाही, असा आमचा हिशेब. बाकीची जागा रिकामी दिसते, पण ती वाया गेलेली नसते. उद्या एखादी वायर बदलायची वेळ आली, तर ती त्या जागेमुळेच सुखाने बाहेर निघते. ठासून भरलेल्या पाइपात नवी वायर ओढताना जुनीचं आवरण सोलवटतं, आणि ते कोणालाच दिसत नाही. जोड तर पाइपात कधीच नको. तो जंक्शन बॉक्समध्ये, झाकण उघडून हात घालता येईल असा हवा.

तेव्हा दोन्ही एसींना डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचपेटीपासून, स्वतंत्र लाइन घ्या : 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, सोबत हिरवी अर्थिंगची वायर, प्रत्येकीला वेगळा एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच. तुमच्या इमारतीच्या वयाकडे पाहता आत ॲल्युमिनियमच्या वायरी असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर तांब्याची वायर तिला पीळ देऊन जोडू देऊ नका, असा जोड गंजतो आणि ढिला पडतो. पट्टी छताच्या कोपऱ्यातून न्या, खाली उतरताना दाराच्या चौकटीला लागून. भिंतीचाच रंग दिला की महिन्याभरात तिच्याकडे लक्षही जात नाही. जिथे वायर भिंतीतून आरपार जाते, तिथे पाइपाचा तुकडा घाला, नाहीतर विटेची धार आवरण कापते.

आणि बाहेरच्या युनिटकडे जाणारं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. भोकात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत येतं आणि झोळाच्या तळाशी ठिबकून जातं. झोळ नसला तर तेच पाणी वायरीच्या वाटेने आत येतं. जून ते सप्टेंबर मला आलेले निम्मे फोन या ओल्या भिंतींचे असायचे.

प्रश्न : आमच्या अकरा मजली सोसायटीच्या इलेक्ट्रिक डक्टमध्ये केबलवाल्यांनी इंटरनेटच्या वायरी सोडल्यात. काही मजल्यांवर झाडू, रद्दीही ठेवतात. सेक्रेटरी म्हणून आक्षेप घेतला तर लोक रागावतात.
(एक वाचक, हडपसर)

उत्तर : रागावू द्या, रद्दी आजच काढा. तो डक्ट म्हणजे तळापासून गच्चीपर्यंतचं धुराडं आहे. खाली मीटररूममध्ये केबल पेटली, तर धूर त्यातून प्रत्येक मजल्यावर पोचतो. 2016च्या राष्ट्रीय इमारत संहितेत हे स्पष्ट आहे : विजेच्या केबलींच्या डक्टमध्ये टेलिफोनची, गॅसची, पाण्याची लाइन नको, आणि डक्ट प्रत्येक मजल्यावर न जळणाऱ्या साहित्याने बंद हवा. दार उघडून स्लॅबच्या भोकातून टॉर्च मारा. खालच्या मजल्याचा उजेड दिसला, तर सील नाही. नवी केबल टाकताना ते फोडतात आणि परत कोणी भरत नाही, हे मी सगळीकडे पाहिलं. लायसनधारक कंत्राटदाराकडून भरून घ्या, इंटरनेटला वेगळी वाट द्या.

गणपतीच्या मांडवासाठी मीटररूममधून तात्पुरती लाइन ओढता ना? ती दाराच्या फटीतून चेंगरून नेऊ नका. पाइपातून, डोक्याच्या वरून, आणि 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागूनच (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) न्या. मांडवात मुलं अनवाणी असतात.

प्रश्न : वाड्यातले उंदीर वायरी कुरतडतात. काय करू?
(एक वाचक, कसबा पेठ)

उत्तर : उंदीर फिरतात तेवढ्या भागातली वायर लोखंडी पाइपात घाला आणि त्या पाइपाला अर्थिंग द्या. पाइपाच्या तोंडाला प्लास्टिकचा बुश, म्हणजे कडेवर बसणारं गुळगुळीत कडं, हवा, नाहीतर लोखंडाची कडच वायर सोलेल. भिंतीतली भोकं पाइपाभोवती भांड्यांची स्टीलची घासणी ठासून, वरून सिमेंट लावून बुजवा. घासणी बोर्डाच्या आत मात्र घालू नका, तिच्यातून करंट जातो. कुरतडलेल्या जागी टेप गुंडाळून भागवू नका, तो तुकडा बॉक्सपासून बॉक्सपर्यंत नवा टाका. बुश आणि पाइप दोन्ही तपकीर गल्लीत मिळतील.