रस्त्याची एमबी माग

प्रश्न : ताई, मी 24 वर्षांचा, तालुक्याला एका पेपरचा वार्ताहर आहे. मानधन नावालाच, बाकी जाहिरातीचं कमिशन. आमच्या गावातला सिमेंटचा रस्ता एका पावसात उखडला. सरपंचांना विचारलं तर म्हणाले, वाढदिवसाची जाहिरात घे नि गप बस. माहिती अधिकार टाकू का? घरचे म्हणतात भरतीचा अभ्यास कर.

उत्तर : टाक की! पण रागारागात "रस्त्यात भ्रष्टाचार झाला का" असं विचारू नकोस, त्याला "माहिती उपलब्ध नाही" एवढंच उत्तर येतं आणि तुझे 30 दिवस फुकट जातात. कागदाचं नाव घेऊन माग. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, बिलं, आणि मुख्य म्हणजे एमबी (मोजमाप पुस्तक). त्यात लांबी-रुंदी-जाडी लिहिलेली असते, ती हातात आली की टेप घेऊन रस्त्यावर जायचं आणि मोजायचं, बातमी तिथंच सापडते. अर्ज 150 शब्दांच्या आत, एकाच विषयाचा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. का हवंय ते कायद्याने सांगावं लागत नाही, कुणी फोन करून गोड बोलून विचारलं तरी सांगू नकोस. 30 दिवसांत आलं नाही तर पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोग, आणि तिथं तारखा लागायला किती वेळ जातो ते बोलायलाच नको. म्हणून आधी राज्य सरकारचं 2018 चं परिपत्रक वापर, जिल्हा कार्यालयं आणि स्थानिक संस्थांत सोमवारी 3 ते 5 फायली बघायला मिळतात, अर्जाशिवाय. बऱ्याच ठिकाणी बाबूंनाच ते माहीत नसतं, प्रिंट खिशात ठेव.

जाहिरातीचं मात्र स्पष्ट सांगते, ज्याच्या रस्त्याची फाईल मागतोयस त्याच्याकडून एक रुपयाची जाहिरात घेऊ नकोस, नाहीतर गाव म्हणेल सेटलमेंटसाठीच अर्ज टाकला होता. तसे अर्ज टाकणारे आहेतही, त्यांच्यामुळेच तर आपल्याला ऐकून घ्यावं लागतं.

भरतीचा अभ्यास सोडू नकोस. नुसत्या मानधनावर कुणाचंच भागत नाही, पोटाला दुसरा आधार असला की जाहिरातीला नाही म्हणता येतं. आणि एकटा पडू नकोस रे, 2010 मध्ये तळेगावात माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टींचा खून झाला तो विसरण्यासारखा नाही. अर्जाची कॉपी संपादकाकडे आणि दुसऱ्या पेपरच्या मित्राकडेही ठेव.

आणि हो, पोचेवर सही-शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नकोस.