आयर्लंडच्या आजीबाईंचा बटवा

प्रश्न : माझी मुलगी डब्लिनला राहते. तिला खोकला झाला तेव्हा शेजारच्या आजींनी समुद्रशेवाळ दुधात उकळून, मध घालून दिले आणि तिला बराच आराम पडला. आता दहा महिन्यांची नात खोकते आहे. तिलाही ते द्यावे का? अशा उपायांवर कितपत विसंबावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मधाचे बोटही चाटवू नये; मधात बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. नातीला हा काढा देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे.

मुलीने घेतलेले शेवाळ म्हणजे कॅरागीन. आयरिश भाषेत या शब्दाचा अर्थ 'लहान खडक' असा होतो. ओहोटीच्या वेळी खडकांवरून खुडलेले हे जांभळट शेवाळ धुऊन उन्हात पसरले की हळूहळू फिकट पिवळे पडते. मूठभर भिजवून दुधात मंद आचेवर वीसेक मिनिटे शिजवले की त्यातला चीक दुधात उतरतो, आणि गाळलेले दूध गार झाल्यावर चायना ग्राससारखे थरथरते. आइस्क्रीम दाट करण्यासाठी वापरतात ते कॅरागीनन अशाच लाल शेवाळांतून मिळते. हा बुळबुळीत थर घशाला मऊपणा देतो, म्हणून मोठ्या माणसाला बरे वाटते. खोकल्याचे कारण मात्र त्याने जात नाही.

1937 ते 1939 या काळात आयर्लंडच्या दक्षिणेकडील 26 परगण्यांतल्या सुमारे 5,000 प्राथमिक शाळांतील मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून अशा घरगुती उपायांची माहिती लिहून घेतली. त्या वह्यांत चामखिळीवर सिंहपर्णीचा चीक लावावा, रांजणवाडीवर गूजबेरीचे नऊ काटे रोखून दहावा फेकून द्यावा, असे उपाय सापडतात. मला हा ठेवा फार मोलाचा वाटतो, पण मोलाचे ते सगळे पोटात घेण्याजोगे नसते. हृदयाच्या औषधाचा उगम असलेली फॉक्सग्लोव्ह ही वनस्पती घरी उकळून घेणे जीवघेणे ठरू शकते, आणि मुरगळीवर बाहेरून बांधायचा कॉम्फ्रीचा पाला पोटात गेल्यास यकृताला इजा करतो.

काही श्रद्धांमागे खरोखर काही असते, हेही सांगितले पाहिजे. उत्तर आयर्लंडमधील बोहो गावच्या दफनभूमीतली माती दुखणे बरे व्हावे म्हणून कापडात बांधून उशाखाली ठेवायची आणि काम झाल्यावर परत नेऊन ठेवायची प्रथा आहे. त्या मातीतील स्ट्रेप्टोमायसिस जातीचा एक जिवाणू प्रयोगशाळेत औषधांना न जुमानणाऱ्या काही जंतूंची वाढ रोखतो, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. तरीही ती माती जखमेवर लावू नये. जिवाणू वेगळा काढून औषध होईपर्यंत तिच्यात इतर जंतूही असतातच.