अँटिबायोटिक चालू असताना प्रोबायोटिक घ्यावं का? आणि नंतर रोज घेतलं तर काही तोटा आहे का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "तसंही नैसर्गिकच असतं, नुकसान तर काही नाही ना?" मी इथे सहसा नुसती वाचते, पण या वाक्याने डोकं फिरलं. हेच वाक्य आमच्या मोठ्या वन्संच्या तोंडून कित्येक वर्षं ऐकत आलेय. सांगलीत आमचं मेडिकल आहे, मी बी. फार्म. आहे, काउंटरला मीच असते.

आधी तुमचं उत्तर. अँटिबायोटिकने पोट बिघडत असेल तर प्रोबायोटिक, म्हणजे पोटासाठी घ्यायचे जिवंत जंतू, घ्या, उपयोग होतो. लॅक्टोबॅसिलसवालं असेल तर अँटिबायोटिकच्या आणि त्याच्या मध्ये किमान दोन तास जाऊ द्या, नाहीतर पैसे मोजून आणलेले जंतू अँटिबायोटिकच मारून टाकतं. सॅकरोमायसिस बोलार्डी असेल तर अंतराची गरज नाही, कारण ते बॅक्टेरिया नाहीच, यीस्ट आहे, म्हणजे एक प्रकारची बुरशी. 1923 मध्ये आँरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवरून ते वेगळं काढलं. कॉलऱ्याच्या साथीत लोक त्या सालींचा काढा पीत होते. यीस्ट असल्यामुळे ते अँटिबायोटिकला दाद देत नाही. फ्लुकोनॅझोलसारख्या बुरशीवरच्या गोळीने मात्र मरतं.

हे यीस्ट आहे, एवढं लक्षात ठेवा. भांडण त्यावरूनच झालं.

सासऱ्यांची केमो चालू होती. पांढऱ्या पेशी पार खाली गेलेल्या, छातीत सेंट्रल लाइन, आणि त्यात जुलाब लागले. वन्सं पुण्याहून भेटायला आल्या त्या पर्समध्ये बोलार्डीच्या पुड्या घेऊनच. त्यांच्या मुलाला कधीतरी लागू पडल्या होत्या, त्यामुळे रामबाण. पलंगाशेजारच्या टेबलावर पेला मांडला आणि पुडीचा कोपरा दातांनी फाडायला लागल्या. ती पावडर पिठीहून हलकी असते. पुडी फाटली की बोटांना, टेबलाला, हवेत, सगळीकडे. आणि हातभर अंतरावर ती लाइन, जी थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत उघडते. मी पुडी काढून घेतली. हिसकावली म्हणा हवं तर.

"अगं, दह्यासारखंच असतं ते!"

"वन्सं, जिवंत यीस्ट आहे हे. रक्तात गेलं तर इन्फेक्शन होईल त्यांना."

"तू स्ट्रिपा कापून द्यायचं काम कर. डॉक्टर नको होऊस."

वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. सासरे डोळे मिटून पडले होते, त्यांनी ते मिटलेलेच ठेवले. राउंडला डॉक्टर आल्यावर मी मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं. "अजिबात द्यायचं नाही," म्हणाले. त्यावर वन्संचं म्हणणं, तुम्ही लोक एकमेकांचीच री ओढणार. आजही बारशात, मुंजीत भेटल्या की "हिने बाबांच्या तोंडचं औषध काढून घेतलं" हे सुरू होतंच.

आता मी काही मनचं बोलत नव्हते. युरोपात या औषधाच्या माहितीपत्रकातच छापलंय की अत्यवस्थ रुग्णांना, प्रतिकारशक्ती खचलेल्यांना आणि सेंट्रल लाइन असलेल्यांना ते देऊ नये, आणि पुडी रुग्णाच्या खोलीत फोडू नये. यीस्ट रक्तात जाऊन माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. बॅक्टेरियावालं प्रोबायोटिकही निर्धोक नाही. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला गंभीर सूज आलेल्या रुग्णांना ते देऊन पाहिलं, 2008 मध्ये निकाल छापून आला: प्रोबायोटिक दिलेल्यांत 16 टक्के दगावले, न दिलेल्यांत 6 टक्के. नैसर्गिकच होतं तेही.

रोज घ्यायचं म्हणाल, तर धडधाकट माणसाने महिनोन्‌महिने घ्यावं असं मला काही दिसत नाही. वन्संच्या डायनिंग टेबलवर '50 बिलियन'ची, म्हणजे 5000 कोटी जंतूंची, बाटली बारा महिने असते. आकडा मोठा म्हणून औषध भारी, असं काही नसतं. नावाच्या शेवटी स्ट्रेनचा, म्हणजे जंतूच्या नेमक्या उपप्रकाराचा, कोड आहे का ते बघा, जसा लॅक्टोबॅसिलस रॅमनोससपुढे जीजी. परिणाम त्या त्या स्ट्रेनचा असतो, सरसकट 'प्रोबायोटिक'चा नाही. कोड नसेल तर बाटली जागेवर ठेवा. तो बिलियनचा आकडा एक्स्पायरीपर्यंतचा आहे की बनवतानाचा, तेही वाचा. शिवाय फ्रिजमध्ये ठेवायचं औषध मे महिन्यात ऑनलाइन मागवलंत आणि पार्सल दिवसभर गाडीत भाजलं, तर आत काय जिवंत उरलं असेल? बॅसिलस क्लॉसी या बॅक्टेरियाच्या कुपीचं तसं नाही, त्यात बीजाणू असतात, ते उन्हाला पुरून उरतात. 5 मिलीच्या कुपीत 200 कोटी. चांगली हलवून तोंडावाटे घ्यायची. दिसते इंजेक्शनसारखी, पण टोचायची नाही. आणि कुठलीही पुडी गरम दुधात ढवळू नका. आमच्याकडे एक आजी दूध उकळतानाच टाकायच्या आणि वर "गुण येत नाही" म्हणून तक्रार करायच्या.

लहान मुलांचे साधे जुलाब असतील तर आधी ओआरएस आणि झिंक. अमेरिका आणि कॅनडात यावर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, 2018 मध्ये छापून आल्या. लॅक्टोबॅसिलसने काही फरक पडला नाही. अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांची गोष्ट वेगळी, तिथे मुलांना दिवसाला 5 ते 40 बिलियन या मात्रेत रॅमनोसस किंवा बोलार्डीचा फायदा दिसलाय.

मी प्रोबायोटिकच्या विरोधात आहे असं वाटत असेल तर तसं नाही. ओडिशात साडेचार हजारांवर नवजात बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारम सात दिवस दिलं, तर सेप्सिस (अंगभर भिनलेलं इन्फेक्शन) आणि मृत्यूचं एकत्रित प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 वर आलं. 2017 चा अभ्यास, आपल्या देशातला, अभिमान वाटावा असा. पण ती बाळं पूर्ण दिवसांची किंवा जवळपास तशी, निवडून घेतलेली, आणि स्ट्रेनही ठरलेला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2023 मध्ये उलट इशाराच दिलाय. तेव्हा आपल्या मनाने बाळाला पावडर चाटवायची नाही. केमो, ट्रान्सप्लांट, स्टिरॉइडचे मोठे डोस, बदललेली हृदयाची झडप, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग दुकान.

तुमचं अँटिबायोटिक कुठलं आणि किती दिवसांचं, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. ते सांगा, म्हणजे तुम्हाला गरज तरी आहे का ते बघता येईल. आणि वन्संनी हे वाचलं, तर त्या बाटलीवरचा स्ट्रेनचा कोड फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप करावा.