हायड्रोजेलवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

हायड्रोजेल म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारे पॉलिमरचे, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचे, जाळे. पॉलिमर निवडण्याआधी हे जेल शरीरात कुठे बसणार, किती दिवस टिकायला हवे आणि विघटन झाल्यावर त्याचे घटक कोणत्या वाटेने बाहेर पडणार, हे लिहून काढा. कॉन्टॅक्ट लेन्सचे जेल पारदर्शक आणि स्थिर राहावे लागते, तर औषध सोडून नाहीसे होणाऱ्या जेलकडून नेमकी उलट अपेक्षा असते.

सुरुवात अल्जिनेटपासून, म्हणजे समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या पॉलिमरपासून, करावी, असे माझे ठाम मत आहे. कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात पडताच त्याच्या थेंबाचा मणी होताना डोळ्यांना दिसतो. मात्र तोच मणी फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या फॉस्फेटच्या द्रावणात) ठेवला, तर फॉस्फेट आणि सोडियममुळे साखळ्या जोडून ठेवणारे कॅल्शियम निघून जाते, मणी फुगतो, मऊ पडतो आणि नवखा संशोधक पॉलिमरला दोष देतो. म्हणून फुगण्याची चाचणी कोणत्या द्रावणात, किती तापमानाला घेतली, याची नोंद वजनाइतकीच काटेकोर ठेवा.

निर्जंतुकीकरणाचा विचारही शेवटावर ढकलू नका. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, 121 अंश सेल्सिअस तापमानाला अल्जिनेटच्या साखळ्या तुटतात, त्यामुळे पातळ द्रावण सूक्ष्म गाळणीतून गाळणे बरे पडते, आणि ताकदीची मोजमापे निर्जंतुक केलेल्या नमुन्यावरच घ्यावीत.