वाचकांचे प्रश्न : सफरचंद, दालचिनी आणि भट्टीतला खुसखुशीत चुरा

हिमाचलची सफरचंदे साधारण जुलैपासून आणि काश्मीरची त्यानंतर बाजारात येऊ लागली, की या सदराकडे सफरचंदाच्या भाजलेल्या गोड पदार्थांविषयीची पत्रे वाढतात. या वेळी आलेली बहुतेक पत्रे ‘ॲपल क्रम्बल’ या पदार्थाविषयी आहेत. ब्रिटनमधल्या घरांत तो नेहमी होतो. फोडी केलेल्या सफरचंदांवर मैदा, लोणी आणि साखरेचा भरड चुरा पसरून ते ओव्हनमध्ये भाजायचे, एवढेच त्याचे तंत्र. पीठ मळणे, लाटणे किंवा फुगवणे यांपैकी काहीच नसल्याने ओव्हन नव्याने वापरणाऱ्यांनी केकऐवजी यापासून सुरुवात करावी, असे आम्ही सुचवू.

प्रश्न : मी ॲपल क्रम्बल केला, तेव्हा वरचा थर लापशीसारखा ओला झाला आणि खाली पाणी साचले. प्रमाण आणि कृती नेमकी सांगाल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सफरचंदाच्या वजनात सुमारे 85 टक्के पाणी असते, आणि ते बाहेर पडल्यावर कुठे जाणार याचा विचार आधी केला नाही, तर आपण लिहिले आहे तसेच घडते. त्यामुळे या पदार्थात चवीपेक्षाही पाण्याची व्यवस्था महत्त्वाची ठरते.

मध्यम आकाराची चार सफरचंदे, म्हणजे सुमारे 700 ग्रॅम, सोलून त्यांच्या दीड-दोन सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात. पातळ काप केले तर ते लवकर विरघळतात आणि पाणीही एकदम सोडतात. फोडींना एक मोठा चमचा लिंबाचा रस, दोन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ, पाऊण लहान चमचा दालचिनीची पूड आणि एक सपाट लहान चमचा कॉर्नफ्लोअर चोळावे. सुटणारा रस या कॉर्नफ्लोअरमुळे दाटसर पाकासारखा होतो. साखर लावलेल्या फोडी तासभर तशाच ठेवू नयेत, कारण साखर त्यांतले पाणी ओढून घेते. ओव्हन तापल्यावरच त्या कालवाव्यात.

वरच्या थरासाठी 100 ग्रॅम मैदा, 40 ग्रॅम ओट्स, 60 ग्रॅम साखर आणि फ्रीजमधून नुकतेच काढलेले 70 ग्रॅम लोणी घ्यावे. लोण्याचे लहान तुकडे करून ते बोटांच्या टोकांनी पिठात चुरडत जावे आणि मिश्रण भरड रव्यासारखे दिसू लागले, मध्येमध्ये वाटाण्याएवढे गोळे राहिले, की थांबावे. हाताच्या उबेने लोणी वितळले तर त्या पिठाचा गोळा होतो आणि भाजल्यावर चुऱ्याऐवजी टणक पापुद्रा मिळतो. आपल्याकडच्या दुकानांत मिळणारे लोणी बहुधा खारट असते. तसे असल्यास चुऱ्यात वेगळे मीठ घालू नये. हा चुरा फोडींवर सैलसर पसरावा आणि मुळीच दाबू नये, कारण खालच्या वाफेला बाहेर पडायला वाट राहिली तरच वरचा थर कोरडा राहतो.

आठ इंची काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात, 180 अंश सेल्सियसला, ओटीजीच्या, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनच्या, मधल्या खणात, वरची आणि खालची अशा दोन्ही तापणाऱ्या कांड्या चालू ठेवून हे 35 ते 45 मिनिटे भाजावे. ओव्हन आधी दहा-पंधरा मिनिटे तापवलेला असावा. वरचा रंग पाहून पदार्थ बाहेर काढण्याची चूक पुष्कळदा होते, कारण रंग लवकर येतो; खरी खूण म्हणजे कडेने रस जाडसर बुडबुड्यांनी खदखदू लागणे, आणि ती दिसेपर्यंत कॉर्नफ्लोअर शिजलेले नसते. बाहेर काढल्यावर वीस मिनिटे थांबल्याने पाक बसतो. ब्रिटनमध्ये हा पदार्थ कस्टर्डबरोबर खातात. अंडे न खाणाऱ्यांनी तिथेही अडून राहायचे कारण नाही, कारण बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी 1837 मध्ये अंड्याविना होणारी कस्टर्ड पावडर तयार केली, तीच पत्नीला अंडी सोसत नव्हती म्हणून.

प्रश्न : परदेशी पाककृतींत आंबट हिरवी सफरचंदे सांगितलेली असतात. ती महाग पडतात. आपली लाल सफरचंदे चालतील का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चालतील, मात्र थोडी निवड आणि थोडे लिंबू लागेल. ब्रिटनमध्ये शिजवायची सफरचंदे आणि नुसती खायची सफरचंदे असा भेद पूर्वापार आहे. तिथले ब्रॅमली हे इतके आंबट असते, की ते कच्चे कोणी फारसे खात नाही, आणि शिजल्यावर त्याचा मऊ गर होतो. आपल्याकडे हा भेद नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅम्युअल स्टोक्स, म्हणजेच पुढे सत्यानंद झालेले अमेरिकी गृहस्थ, यांनी शिमल्याजवळच्या कोटगढ भागात अमेरिकेतून डेलिशस जातीची कलमे आणून लावली, आणि त्यानंतर हिमाचलच्या बागांवर या गोड वाणाचा पगडा बसला. गोड सफरचंदात आंबटपणा कमी असल्याने साखरेच्या चुऱ्याखाली ते सपक लागते, म्हणूनच वर सांगितलेला लिंबाचा रस वगळू नये. त्याने चिरलेल्या फोडी काळ्या पडण्याचेही लांबते.

रॉयल डेलिशस हंगामात ताजे आणि करकरीत असेल तेव्हा उत्तम लागते. शीतगृहात अनेक महिने राहिलेले, दाबल्यावर मऊ लागणारे आणि चावल्यावर भुसभुशीत होणारे फळ मात्र या कामाला घेऊ नये, कारण ते शिजून लगदा होते. पिवळसर गोल्डन डेलिशस मिळाल्यास ते पहिल्या पसंतीचे समजावे. ते आकार चांगला धरते. अर्धी गोल्डन आणि अर्धी आंबट हिरवी घेतली तर खर्च आणि चव या दोन्हींचा मेळ बसतो.

प्रश्न : दालचिनीने रक्तातील साखर उतरते असे ऐकले आहे. सासूबाईंना मधुमेह आहे, तर त्यांच्यासाठी या पदार्थात दालचिनी वाढवून घालावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वाढवू नये, आणि हा पदार्थ औषध म्हणून तर देऊच नये. मैदा, साखर आणि लोणी असलेल्या पदार्थातली साखर चमचाभर दालचिनीने नाहीशी होत नाही. सासूबाईंना हवासा वाटला तर लहान वाटीभर वाढावा, वरच्या चुऱ्यातली साखर निम्मी करावी, आणि त्यांच्या पथ्याविषयी डॉक्टरांचे मत घ्यावे.

दालचिनी वाढवू नये यामागे आणखी एक कारण आहे. किराणा दुकानात सर्रास मिळणारी जाड, टणक, तांबूस तपकिरी साल ही बहुतांशी कॅशिया असते, आणि तिच्यात कुमारिन हे द्रव्य दर ग्रॅममागे काही मिलिग्रॅम इतके असू शकते. ते रोज मोठ्या प्रमाणात पोटात गेले तर यकृताला त्रास देऊ शकते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याची दैनंदिन मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 0.1 मिलिग्रॅम अशी ठरवलेली आहे. अधूनमधून खाल्लेल्या क्रम्बलने ही मर्यादा ओलांडली जात नाही, पण आरोग्यासाठी म्हणून रोज चमचा-चमचा पूड घेणाऱ्यांनी ती ध्यानात ठेवावी. खऱ्या, म्हणजे श्रीलंकेच्या जातीच्या दालचिनीत कुमारिन अत्यल्प असते. तिची साल कागदासारख्या पातळ पदरांची, एकात एक गुंडाळलेली आणि बोटांनी सहज मोडणारी असते. तिची लागवड कोकणातही होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ हे वाण काढलेले आहे, आणि कोकणातल्या मसाल्याच्या दुकानांत चौकशी केल्यास अशी साल मिळू शकते. तिचा स्वाद सौम्य असल्याने वरचे प्रमाण तिच्यासाठी योग्य आहे. कॅशिया वापरत असाल तर ते अर्ध्यावर आणावे, नाहीतर सफरचंदाची चव झाकली जाते. दोन्हींपैकी कोणतीही घेतली तरी काड्या चमचाभर साखरेबरोबर मिक्सरमध्ये फिरवून चाळून घेतलेली पूड तयार पुडीपेक्षा कितीतरी सुगंधी असते.

प्रश्न : आमच्याकडे ओव्हन नाही. कढईत मीठ तापवून त्यावर केक होतो, तसा हा पदार्थ होईल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : शिजेल, पण खुसखुशीत होणार नाही. झाकलेल्या कढईत उष्णता मुख्यतः खालून येते आणि सफरचंदाची वाफ झाकणाखाली कोंडून राहते, त्यामुळे केक फुगतो, पण चुरा ओलाच राहतो. याहून चांगला मार्ग म्हणजे दोन्ही भाग वेगळे शिजवणे. फोडी जाड बुडाच्या पातेल्यात, झाकण न ठेवता, मऊ होऊन रस दाट होईपर्यंत शिजवाव्यात. चुरा पसरट कढईत अगदी मंद आंचेवर, सतत हलवत, बदामी होईपर्यंत भाजावा आणि वाढतानाच फोडींवर घालावा. हा मूळ पदार्थ नव्हे, हे खरे. चव मात्र त्याच्या बरीच जवळ जाते. मायक्रोवेव्ह असल्यास तो कन्व्हेक्शन पद्धतीने, म्हणजे आत गरम हवा फिरवून, वापरावा, कारण नुसत्या मायक्रो लहरींनी पाणी तापते, वरचा थर भाजत नाही.

प्रश्न : लोण्याऐवजी साजूक तूप घातले तर? आणि उपवासाला काही करता येईल का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : तूप अवश्य घालावे. लोण्यात सुमारे 16 टक्के पाणी असते आणि तुपात ते जवळजवळ नसतेच, म्हणून 70 ग्रॅम लोण्याच्या जागी 55 ते 60 ग्रॅम तूप पुरते. ते थिजलेले, रवाळ असावे; पातळ तुपाने पीठ भिजून त्याची उकड होते. तुपाचा चुरा नानकटाईसारखा विरघळणारा होतो.

उपवासासाठी मैदा आणि ओट्स सोडून 80 ग्रॅम राजगिऱ्याचे पीठ, 60 ग्रॅम भरड दाण्याचे कूट, 50 ग्रॅम साखर आणि 50 ग्रॅम तूप घ्यावे. कूट बारीक केले तर तेल सुटते. राजगिरा लवकर करपतो, म्हणून फोडी आधी पंधरा मिनिटे ओव्हनमध्ये नुसत्या ठेवून मग त्यांवर चुरा घालावा आणि पुढे वीस मिनिटेच भाजावे. कॉर्नफ्लोअरच्या जागी साबुदाण्याचे पीठ चालते. दालचिनी उपवासाला चालते की नाही, हे घराघराच्या रीतीवर आहे; जिथे चालत नसेल तिथे वेलदोडा घालावा, आणि तोही अगदी बेताने.